वंगणाच्या नळ्यापासून ग्रीस गनपर्यंत : चाकाच्या बेअरिंगची आणि त्याच्या हत्यारांची हकीकत



ऊस वाहतुकीचा हंगाम तोंडावर आला की ट्रॉल्या बाहेर निघतात. टायरची हवा बघितली जाते, हुक बघितला जातो, हौशी माणूस फळ्यांना रंगाचा हात मारतो. पण चाकाच्या मधोमध, तुंब्याच्या आत बसलेलं बेअरिंग कुणी उघडून बघत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. भर रस्त्यात चाक निखळून पडलं आणि ऊस आडवा झाला म्हणजे मग ते सगळ्यांना दिसतं.

‘नवं बेअरिंग टाकलं तरी वर्षाच्या आत जातं, हे कशामुळं?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कुणी मालाला नावं ठेवतं, कुणी रस्त्याला. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण खरं कारण जरा मागं जाऊन पाहावं लागतं. चाक बदललं, आस बदलला, पण ते उघडण्याची आणि बसवण्याची आपली रीत मात्र लाकडी गाडीच्या काळातलीच राहिली. म्हणून या वेळच्या पत्रकात औषधांचं प्रमाण किंवा खतांचा हप्ता न सांगता चाकाची हकीकत सांगणार आहे.

लाकडी गाडीचा तुंबा

आपल्याकडं गाडीचं चाक किती जुनं आहे, याचा एक पुरावा प्रवरेच्या काठीच सापडला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली तांब्याच्या ओतीव कामाच्या चार भरीव वस्तू मिळाल्या. त्यांत दोन बैल जुंपलेली एक गाडी आहे, मागं उभा गाडीवान आहे. बाकीची हत्ती, गेंडा आणि रेडा ही जनावरं. गाडीची चाकं भरीव आहेत, त्यांना आरे नाहीत. म्हणजे आजच्या ऊसपट्ट्यात काही हजार वर्षांपूर्वी माणसाच्या डोळ्यांसमोर बैलगाडी होती, एवढं नक्की.

पुढं आरे आले, पुठे आले, लोखंडी धाव आली. धाव बसवणं हा गावातला एक सोहळाच असे. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, सांडशीनं धरून चाकावर उतरवायची आणि पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळे सांधे घट्ट धरते. ताप दिला की लोखंड पसरतं, थंड झालं की आकसतं, हे शास्त्र आपल्या लोहाराला कुणी शिकवायला नको होतं. बेअरिंग बसवताना हीच गोष्ट पुढं कामाला येणार आहे, ती लक्षात ठेवा.

पण चाक फिरतं ते तुंब्यात. तुंब्यात लोखंडी बुशी आणि त्यातून जाणारा आस. लोखंडावर लोखंड घासत असे, मध्ये फक्त वंगण. गाडीखाली वंगणाचा नळा लटकत असे. एरंडेलासारखं तेल आणि त्यात खललेली काजळी, असलं ते घरचं वंगण. चाक कुरकुरायला लागलं की गाडीवान खाली उतरायचा, आसाला टेकू द्यायचा, टोकाची खीळ ठोकून काढायची, चाक वीतभर बाहेर ओढायचं, वंगण माखायचं आणि पुन्हा खीळ मारायची. हत्यार म्हणजे रस्त्यावरचा एक दगड. कुठलाही मेकॅनिक नको, कुठलंही गॅरेज नको.

या चाकाला ढिलेपणा चालत असे, नव्हे तो हवाच असे. बुशी आणि आस यांत फट असली तरच वंगण आत जायचं. चाक चालताना थोडं डुलायचं, त्याचं कुणाला काही वाटत नसे. झीज झाली तर लोहार नवी बुशी ठोकायचा. घण, छिन्नी आणि अंदाज, एवढ्यावर सगळं भागत असे. हीच सवय पुढं नडली.

गोळ्यांवर फिरणारं चाक

घासण्यापेक्षा घरंगळणं सोपं, हे माणसाला फार पूर्वी कळलेलं आहे. आपणही मोठा दगड हलवायचा तर खाली ओंडके टाकतो. इटलीत रोमजवळ नेमी नावाचं तळं आहे. तिथं कॅलिग्युला या रोमन सम्राटाच्या काळातली दोन प्रचंड जहाजं बुडालेली होती. १९२८ ते १९३२ या काळात तळ्याचं पाणी उपसून ती बाहेर दिसू लागली. त्यांत गोलाकार फिरणाऱ्या चौथऱ्याखाली बसवायच्या गोळ्या मिळाल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं बेअरिंगच ते. दुर्दैवानं ही जहाजं १९४४ साली युद्धात जळाली.

गाडीच्या आसात गोळ्या घालायची कल्पना मात्र बरीच नंतरची. वेल्समधल्या कार्मार्थन गावचा फिलिप व्हॉन हा लोखंडाचा कारखानदार. त्यानं १७९४ साली घोडागाडीच्या आसात खाच पाडून त्यात गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं. कल्पना अगदी बरोबर होती. पण एकसारख्या मापाच्या, कडक आणि खऱ्या अर्थानं गोल अशा गोळ्या करणार कोण? दहा गोळ्यांत एक गोळी केसभर मोठी असली तर सगळा भार तिच्या एकटीवर येतो आणि ती फुटते. म्हणून कल्पना कागदावर राहिली आणि गाड्या पुढची पाऊणशे वर्षं वंगणावरच चालल्या.

ती अडचण सुटायला सुरुवात झाली सायकलमुळं. बैलगाडीला जोर बैलाचा लागतो. सायकलला जोर स्वतःच्या पायाचा! त्यामुळं घर्षण काय असतं ते बसणाऱ्याला पोटऱ्यांत कळतं. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआँ अशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची शर्यत झाली, ती जेम्स मूरनं छर्ऱ्यांची सायकल वापरून जिंकली. पुढं १८८३ साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रिडरिश फिशर यानं पोलादी गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र केलं, तेव्हा व्हॉनच्या कल्पनेला जवळजवळ ९० वर्षांनी हातपाय फुटले. शोध लागणं वेगळं आणि तो तयार करण्याचं हत्यार हातात येणं वेगळं.

आपल्या गावातल्या सायकल दुकानदारानं ही विद्या बरोबर उचलली. पुढचं चाक तो कसं बसवतो ते एकदा नीट पाहा. वाटीत ग्रीस, त्यात मोजून छर्रे, वरून कोन फिरवायचा. चाक अडखळेपर्यंत घट्ट, मग किंचित मागं. नंतर पातळ पान्यानं कोन धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्यानं नट आवळायचा. हाताला चाक हलू नये आणि सोडलं तर आपोआप फिरावं. ट्रॉलीच्या चाकालाही नेमकी हीच रीत लागते. फरक फक्त वजनाचा.

टिम्केनच्या खेचरांची गोष्ट

छर्रा आसाला एका ठिपक्याएवढ्या जागी टेकतो. सायकलला ते चालतं. तीन-चार टन ऊस लादलेल्या गाडीला नाही. शिवाय वळणावर चाकाला बाजूनं रेटा बसतो, तो साध्या सरळ रोलरला सोसत नाही.

यावर तोड काढली हेन्री टिम्केन यानं. १८३१ साली जर्मनीत जन्मलेला हा माणूस लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेत गेला आणि सेंट लुईस शहरात घोडागाड्या बांधण्याच्या धंद्यात नावारूपाला आला. म्हणजे आपल्या भाषेत गाडीकारखानदार. वळणावर गाड्यांचे आस का झिजतात, याचा त्यानं पिच्छा पुरवला आणि १८९८ साली आपल्या भाच्यासह निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट मिळवलं. गाजराच्या आकाराचे छोटे रोलर, आतला कोन निमुळता, बाहेरचा कपही निमुळता. अशी दोन बेअरिंगं तुंब्यात समोरासमोर बसवली की ती वरचा भारही घेतात आणि दोन्ही बाजूंचा रेटाही.

या बेअरिंगबद्दल एक गोष्ट सांगतात. दोन लहानशी खेचरं जुंपून भलं मोठं ओझं लादलेली गाडी सेंट लुईसच्या रस्त्यानं चालली होती. मुक्या जनावरांचे हाल केले म्हणून गाडीवानाला पकडलं. तेव्हा चाकात रोलर आहेत, ओझं जनावरांना जड जात नाही, हे दाखवल्यावर तो सुटला. गोष्टीत मीठमसाला असेल. पण निमुळतं बेअरिंग जन्माला आलं ते जनावरानं ओढायच्या गाडीसाठी, मोटारीसाठी नव्हे, एवढं मात्र खरं. मोटारी नंतर आल्या आणि त्यांनी ते उचललं.

त्यानंतर ९ वर्षांनी, १९०७ साली, स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या एका कापड गिरणीतल्या स्वेन विंगक्विस्ट या अभियंत्यानं आपोआप सरळ होणारं छर्ऱ्यांचं बेअरिंग काढलं आणि त्यातून एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आपल्या देशात जयपूरच्या कारखान्यातून १९५० साली पहिलं बेअरिंग बाहेर पडलं. एसकेएफच्या भागीदारीतली कंपनी १९६१ साली निघाली आणि पुण्याजवळ चिंचवडला तिचा कारखाना झाला.

गावात बेअरिंग आलं ते टायरगाडीबरोबर. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला, पाठोपाठ इतर कारखाने उभे राहिले आणि उसाची वाहतूक वाढली. जुन्या मोटारींचे आस आणि टायर बैलगाडीला लागले. बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकापासून बैलगाडी सुधारण्याचा आग्रह धरला. हलकी गाडी, चांगलं जू आणि आसाला बेअरिंग, असं त्यांचं म्हणणं होतं. इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगितली पाहिजे. चिखलाच्या वाटेवर बैलाचा जोर जातो तो मुख्यतः चाक रुतल्यामुळं. तिथं रुंद टायरचा उपयोग जास्त, बेअरिंगचा कमी. डांबरी सडकेवर मात्र बेअरिंगचा फरक बैलाला लगेच जाणवतो.

एरंडेल परत आलं

हत्यारांच्या बाबतीत सगळ्यांत मोठा बदल झाला तो वंगण भरण्यात. पहिल्या मोटारींना ग्रीसच्या वाट्या असत. झाकण हातानं पिळायचं की थोडं ग्रीस आत जायचं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत दाबानं ग्रीस भरणारी गन आली. पुढं व्हिएन्नात जन्मलेल्या ऑस्कर झर्क यानं छोटं निपल काढलं, त्याचं अमेरिकेतलं पेटंट १९२९ सालचं. आज ट्रॅक्टरच्या प्रत्येक सांध्यावर जे बोंडूक दिसतं ते हेच. आत छर्रा आणि स्प्रिंग असते. गनच्या दाबानं छर्रा मागं सरतो, दाब गेला की तोंड बंद करतो. म्हणून गन लावण्यापूर्वी निपल फडक्यानं पुसावं. न पुसता दाबलं तर पहिल्यांदा आत जाते ती माती.

ग्रीसही बदललं. पूर्वीचं चुन्याचं ग्रीस पाण्याला टिकायचं पण तापलं की पातळ होऊन वाहायचं. सोड्याचं ग्रीस तापाला टिकायचं पण पाण्यात विरघळायचं. दोन्ही गुण एकत्र आणले ते लिथियमच्या ग्रीसनं; क्लॅरेन्स अर्ल यानं १९४२ साली त्याचं पेटंट घेतलं. आणि गंमत पाहा, बहुतेक लिथियम ग्रीससाठी लागणारं आम्ल हे एरंडेलापासून काढतात. नळ्यातलं एरंडेल कारखान्याला वळसा घालून पुन्हा चाकातच आलं म्हणायचं. निरनिराळ्या जातीची ग्रीसं मात्र एकमेकांत मिसळू नयेत. पुष्कळदा मिश्रण पातळ होऊन सीलमधून गळतं. नवं ग्रीस भरायचं तर जुनं धुऊन काढूनच.

हत्यारं कोणती आणि ती का

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. बेअरिंग गावात आलं, पण त्याची हत्यारं आली नाहीत. ती शहरात राहिली. गावात बेअरिंग बसवायला अजूनही छिन्नी आणि लोखंडी हातोडाच निघतो. बेअरिंगचं पोलाद काचेसारखं कडक असतं. त्यावर कडक छिन्नी बसली की कपाच्या काठाचा टवका उडतो, तो डोळ्यात जाऊ शकतो आणि राहिलेला तुकडा रोलरखाली दळला जातो. नवं बेअरिंग वर्षात जातं त्याचं पहिलं कारण हे.

कप तुंब्यातून काढायला आणि बसवायला पितळेची किंवा मऊ लोखंडाची गोल सळई वापरावी. एकाच बाजूला ठोकू नये. समोरासमोर आळीपाळीनं ठोकावं, म्हणजे कप तिरका होत नाही. त्याहून सोपी युक्ती म्हणजे जुना कप फेकू नये. ग्राइंडरवर त्याचा बाहेरचा काठ थोडा घासून घ्यावा आणि नव्या कपावर पालथा ठेवून ठोकावा. दाब चौफेर सारखा बसतो आणि घासलेला असल्यानं अडकून राहत नाही. हे हत्यार फुकटचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं.

दुसऱ्या देशांतही लोक हेच करतात. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९७३ ते १९७८ या मॉडेलांत आत राहता येईल अशी घरासारखी गाडी काढली होती, मोटारहोम म्हणतात ती. तिची पुढची चाकं इंजिनाची ओढ घेतात आणि त्यांची बेअरिंगं प्रेसनं दाबून बसवलेली असतात. ही जुनी गाडी अजून जपणारे लोक तिकडं आहेत. त्या कामासाठी जाड नळकांडी, चकत्या आणि लांब बोल्ट जोडून ते आपापले पुलर बनवतात. आपल्याकडं लेथ असलेला कुठलाही वर्कशॉपवाला तालुक्याच्या गावी असा पुलर करून देईल. गावात चार-पाच ट्रॉल्या असतील तर सगळ्यांत मिळून एक पुरतो.

आसाच्या नटाला मापाचा बॉक्स पाना घ्यावा. स्वीडनच्या योहान्सन यानं १८९२ साली काढलेला सरकत्या जबड्याचा पाना जगभर चालला, घरात असावाही, पण आसाचा नट त्यानं खोलू नये. जबडा घसरतो आणि नटाचे कोपरे जातात. बाकी जॅक, दोन भक्कम लाकडी ठोकळे, पक्कड, डिझेलची थाळी आणि स्वच्छ सुती फडकी, एवढं पुरतं.

काम करताना ट्रॉली रिकामी आणि ट्रॅक्टरला जोडलेली असावी, ब्रेक ओढलेला, बाकीच्या चाकांना दगड. जॅकवर उचलल्यावर आसाखाली ठोकळा दिल्याशिवाय हात आत घालू नये. जॅक कधी सरकेल याचा नेम नाही, आणि इथं बोटाचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. आधी चाक हातानं फिरवून कान द्यावा. खरखर म्हणजे रोलर खराब. मग चाक वरून-खालून धरून हलवावं. टोपी, कॉटर पिन, खाचांचा नट, वॉशर आणि बाहेरचं बेअरिंग या क्रमानं काढून सगळं थाळीत मांडावं. धुतल्यावर रोलर उजेडात बघावेत. निळसर किंवा तपकिरी रंग आला असेल तर ते तापलेलं आहे. खड्डे पडले असतील तर भार जास्त झालाय किंवा पाणी शिरलंय. कप आणि कोन नेहमी जोडीनं बदलावेत. धुतलेलं बेअरिंग हवेच्या नळीनं गरगर फिरवून सुकवू नये; जाळी तुटून रोलर गोळीसारखे उडतात.

कोन आसावर घट्ट जात असेल तर लोहाराची विद्या आठवावी. तेलात सुमारे १०० ते ११० अंशांपर्यंत तापवला की तो पसरतो आणि सहज बसतो. गॅसच्या ज्योतीनं तापवायचा मात्र नाही, पोलादाचं पाणी उतरतं.

ग्रीस तळहातावर घ्यावं आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत जावी, म्हणजे ते रोलरमधून पलीकडं निघतं. वरून थापलेलं ग्रीस आत जात नाही. तुंब्याची पोकळी मात्र गच्च भरायची नाही, तिसरा हिस्सा ते निम्मी पुरे. जास्त झालं तर घुसळून तापतं. सील नवं घ्यावं, त्याचा ओठ ग्रीसच्या बाजूला.

आता नट. चाक फिरवत फिरवत तो आवळावा, चाक जड लागेपर्यंत, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग नट साधारण षष्ठांश ते पाव फेरा मागं घ्यावा आणि जवळच्या खाचेत नवी कॉटर पिन घालावी. चाक मोकळं फिरावं आणि हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतकंच सैल असावं. लाकडी गाडीच्या सवयीनं कुणी नट ढिला ठेवतो, तेव्हा रोलर तिरके चालतात. कुणी भीतीपोटी पुरा आवळतो, तेव्हा दहा-बारा किलोमीटरवर तुंबा धुरकटतो. पिनेऐवजी खिळा किंवा तार घालणाऱ्यांचं चाक जातं ते असंच.

पहिली खेप भरून गेल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबावं आणि तुंब्याला हात लावावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथंच नट तपासावा.

बेअरिंग आणायला जाताना जुनं बरोबर न्यावं आणि त्यावर कोरलेला नंबर स्वतः वाचावा. मापाच्या नेहमीच्या नंबरांत शेवटच्या दोन आकड्यांना पाचनं गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये निघतं, आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले तर. म्हणजे ३२२१० असेल तर १० गुणिले ५, भोक ५० मिलिमीटर. ६२०५ असेल तर २५. इंची मापाच्या बेअरिंगना हा हिशेब लागू नाही, त्यांच्या नंबरात बहुधा सुरुवातीला इंग्रजी अक्षरं असतात. कपाचा आणि कोनाचा नंबर तिथं वेगवेगळा असतो, तेव्हा दोन्ही लिहून न्यावेत, आणि ट्रॉलीच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवावेत.